गाणं कापलेली कॅसेट

ती केस होऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली, पण कुणी सिनेमाचा विषय काढला की मला ती आठवतेच. निवृत्त पोलीस अधिकारी दिसला की लोक खुनाच्या, दरोड्याच्या हकिकती विचारतात. त्या मी सांगतो. ही मात्र आजवर सहसा सांगितली नाही, कारण हिच्यात माझ्या स्वतःच्या घराचाही संबंध येतो. आता सांगून टाकायला हरकत नाही. नावं कुणाचीच देत नाही.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ होता. मी नवी मुंबईतल्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. हद्दीत कोपरखैरण्याच्या नव्या वसाहती, दोन-तीन जुनी गावं आणि एकच थिएटर. केबल नुकतीच घरोघर पोहोचली होती. एका इमारतीच्या गच्चीवरून दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवर काळ्या वायरी लोंबत असत. शनिवारी दुपारी केबलवाला नवाकोरा सिनेमा लावायचा. थिएटरात लागलेला सिनेमा दुसऱ्या दिवशी घरात दिसतो, याचं सुरुवातीला लोकांना नवल वाटलं. पुढे ती सवय झाली. ही चोरी आहे असं कुणाच्या मनात येत नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही येत नव्हतं.

एका सोमवारी सकाळची हजेरी आटोपून मी टेबलाशी बसलो होतो. थिएटरचे मालक त्यांच्या मॅनेजरला घेऊन आले. पन्नाशीतला शांत माणूस. आजूबाजूला नुसती दलदल होती तेव्हापासून ते थिएटर चालवत होते.

खुर्चीत बसून म्हणाले, "साहेब, शुक्रवारी पिक्चर लावला. शनिवारी दुपारी केबलवर आला. काल रविवार होता. रविवारच्या मॅटिनीला माझ्या बाल्कनीत अकरा माणसं बसली होती."

"केबलवाला कोण, माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे. मागे समजावून सांगितलं होतं त्याला. हसला. माझ्याकडे चाळीस माणसं कामाला आहेत साहेब. डोअरकीपर, बुकिंगवाले, झाडूवाल्या बाया. थिएटर बंद पडलं तर ह्यांनी कुठे जायचं?"

मी फिर्याद नोंदवून घेतली. वरिष्ठांना कल्पना दिली तर ते म्हणाले, "कॉपीराइटखाली घ्या. रेड करा, पंचनामा करा, माल जमा करा. फार खोलात जाऊ नका." अशा केसेसकडे तेव्हा त्याच नजरेने बघितलं जाई. कायद्याने उपनिरीक्षकाला वॉरंटशिवाय माल जप्त करता येत होता, त्यामुळे अडचण नव्हती. अडचण एवढीच होती की केबलवाल्याने महिन्यापूर्वी आपली मशीनं हलवली होती आणि नवी जागा ठाण्यात कुणाला ठाऊक नव्हती.

आमच्याकडे एक हवालदार होते. इथल्याच गावचे, आगरी, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेले. ते दारात उभे राहून ऐकत होते. मालक गेल्यावर आत आले.

"सायेब, जागा मना म्हाईत हाय. माझे चुलतभावाचे माडीवर हाय."

मी त्यांच्याकडे बघितलं. "हवालदार, भाऊ तुमचा आहे."

"हाय ना. त्यानं भाड्यानं दिलीय. आता म्हाईत असून गप ऱ्हायलो तं उद्या तुमचे समोर कसा उभा ऱ्हानार? चला, जाऊया. माझा जबाब घ्या, त्यान भावाचा नाव पन घाला."

मी घातलं. त्या जबाबापायी पुढे वर्षभर त्यांच्या भावकीने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे मी काय केलं ते वाचताना त्याचा उपयोग होईल.

दुपारी आम्ही दोन पंच घेऊन माडीवर गेलो. दहा बाय दहाची खोली, चार व्हीसीआर, दोन टीव्ही, भिंतीला लावून ठेवलेल्या कॅसेटी. त्यांत थिएटरात लागलेल्या सिनेमाची कॅसेट लगेच सापडली. केबलवाला तिशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, लग्नामुंजींचं व्हिडिओ शूटिंगही करणारा. घाबरलेला अजिबात नव्हता.

"साहेब, मुंबईच्या मार्केटमधून आणली. कोण देतो, कुठून आणतो, आपल्याला काय माहीत? सगळेच दाखवतात साहेब. वाशीला बघा, पनवेलला बघा. आमच्यावरच टेन्शन का?"

त्याला अटक केली. ठाण्यात आणून दोन तास विचारपूस केली, तरी तो एकाच गोष्टीला चिकटून राहिला. कॅसेट मुंबईची, देणारा अनोळखी. अशी नव्वद टक्के प्रकरणं इथेच संपत. 'अज्ञात इसमाकडून' असे दोन शब्द लिहिले की तपास पूर्ण. मीही ते लिहायच्या बेतात होतो.

त्या संध्याकाळी घरी जेवताना मी सौ.ला दिवसभराची हकिकत सांगितली. सिनेमाचं नाव ऐकून ती सहज म्हणाली, "तो होय? तो आम्ही शनिवारी बघितला की. शेजारच्या तिघी इथेच येऊन बसल्या होत्या."

माझा हात ताटातच थांबला. तिच्या ते लक्षात आलं नाही. ती पुढे बोलत राहिली.

"पण मजा नाही आली. ते गाणंच नव्हतं त्यात."

"कुठलं गाणं?"

"ते हळू गाणं. रोज सकाळी रेडिओवर लागतं बघा. त्यासाठी तर बसले होते. शेवटपर्यंत वाट बघितली, आलंच नाही." मग जरा विचार करून म्हणाली, "आणि ह्या वेळची कॅसेट काहीतरी वेगळीच होती. नेहमी मध्येच कुणाचं तरी डोकं येतं, शिट्ट्या ऐकू येतात, पोरं रडतात. ह्यात कुणी हसलंसुद्धा नाही. एवढा विनोदी प्रसंग, आणि सगळं सुनंसुनं."

मी उरलेलं जेवण कसंबसं संपवलं. माझ्या डोक्यात दोन विचार एकदम आले होते. एक तपासाचा. दुसरा असा, की ज्या गुन्ह्याचा मी त्याच दुपारी पंचनामा केला, तो गुन्हा शनिवारी दुपारी माझ्या बैठकीच्या खोलीत चहा घेत चार बायकांनी बघितला होता.

मंगळवारी सकाळी मी जप्त कॅसेट ठाण्यात लावून बघितली. एका दुकानदाराकडून टीव्ही मागवला. हवालदार शेजारी बसले. सौ.चं म्हणणं तंतोतंत खरं होतं. गाणं नव्हतं. आणि पूर्ण सिनेमात माणसाचा एक आवाज नव्हता, साधा खोकलाही नाही.

हवालदार म्हणाले, "सायेब, रिकामे थेटरान काडलेली दिसते ही."

मी मुंबईला वितरकाच्या कार्यालयात फोन लावला. गाणं सगळ्या प्रिंट्समध्ये आहे, असं त्यांनी सांगितलं. मग मालकांना फोन केला आणि त्या गाण्याबद्दल विचारलं.

"साहेब, ते मीच काढायला सांगितलं," ते म्हणाले. "पिक्चर लांब आहे. दिवसाचे चार खेळ बसत नव्हते. संथ गाणं आहे, पब्लिक बाहेर सिगरेट ओढायला जातं. सगळेच करतात असं."

"गाणं कधी काढलं?"

"गुरुवारी. दुपारी प्रिंट आली. आमच्या ऑपरेटरने गाणं कापून रिळं जोडली आणि मग ट्रायल घेतली. प्रत्येक प्रिंटची घेतोच आम्ही, रिकाम्या थिएटरात."

गाठ सुटली होती. ते गाणं फक्त ह्याच थिएटरच्या प्रिंटमधून गेलं होतं आणि कॅसेट रिकाम्या थिएटरात निघाली होती. म्हणजे गुरुवारची ट्रायल. त्या वेळी दारांना कुलपं होती आणि वर मशीनच्या खोलीत एकच माणूस होता. मशीन चालवणाऱ्याला थिएटरात ऑपरेटर म्हणतात. मी त्याला बोलावून घेतलं.

पंचावन्नच्या पुढचा, साताऱ्याकडचा, कृश माणूस. उजवा डोळा सारखा बारीक करायची सवय. आयुष्यभर मशीनमधल्या जळत्या कार्बनच्या कांड्यांच्या प्रखर उजेडाकडे बघितल्याने ती लागली असावी. बोटांना फिल्म जोडायच्या द्रावणाचा, 'सिमेंट'चा वास. तरुणपणी तो जत्रांमधून तंबूत सिनेमा दाखवत फिरला होता आणि पुढे मुंबईत आला.

पोलीस ठाण्याच्या बाकावर माणूस कसा बसतो, यावरून बरंच कळतं. सरावलेला माणूस पाठ टेकून बसतो. निर्दोष माणूस सारखा उठतो, प्रत्येकाला काहीतरी विचारतो. हा बाकाच्या अगदी कडेवर, गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता आणि कुणाकडेच बघत नव्हता.

मी विचारलं, "वरच्या खोलीला खिडक्या किती?"

"तीन. दोन मशीनच्या. येक मानसाला पडद्यावर बघायची."

"गुरुवारी ट्रायलच्या वेळी तिसऱ्या खिडकीत कोण होतं?"

"कुनी न्हवतं, साहेब."

"मशीन चालू असताना तुम्ही खोलीबाहेर गेला होता?"

"न्हाई. मशीन सोडून मी कदीच हालत न्हाई."

"म्हणजे कॅमेरा लावणारा तुम्हाला न दिसता खोलीत आला आणि तीन तासांनी न दिसता गेला?"

"कुनी न्हवतं," एवढंच तो पुन्हा म्हणाला. तासभर मी वेगवेगळ्या बाजूंनी विचारत राहिलो. आवाज चढवला नाही. तसल्या माणसावर आवाज चढवून काही मिळत नाही, तो फक्त आणखी मिटतो. शेवटी मी फाईल बंद करून म्हणालो, "ठीक आहे. आपण तुमचं घर बघून येऊ."

तो ताडकन उभा राहिला. "साहेब, घरी नको. जे काय असंल ते हितंच बोला. घरी नको."

इतका वेळ जो माणूस हलला नव्हता, तो हात जोडून उभा होता. माझी खात्री पटली. घरात काय असेल याचे मी अंदाज बांधत होतो. कॅमेरा, कॅसेटींचा साठा, फार तर कॉपी काढायची मशीनं. माझे सगळे अंदाज चुकीचे होते.

त्याचं घर म्हणजे बैठ्या चाळीतली एक खोली आणि मोरी. आमच्याबरोबर हवालदार, एक महिला शिपाई आणि दोन नवे पंच होते. दाराशी त्याने पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं. मी दार उघडायची खूण केली.

आत खाटेवर त्याची बायको पडलेली होती. केस नीट विंचरलेले, अंगावर धुतलेली साडी, पाठीशी दोन उशा. सहा वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीच्या ओल्या पायऱ्यांवरून ती पडली होती आणि तेव्हापासून कमरेखाली जीव नव्हता. हे मला पुढे समजलं. खाटेच्या पायथ्याशी एक छोटा टीव्ही होता आणि तिच्या हाताशी, ट्रंकेवर कॅसेट लावायचा एक व्हीसीपी. पडद्यावर तोच सिनेमा चालू होता.

हवालदारांचा गणवेश बघून ती जराही दचकली नाही. थिएटरात बंदोबस्ताला पोलीस येत, त्यांतलेच आम्ही कुणी ओळखीचे, असं तिला वाटलं.

"या की, बसा. आवं, चटई टाका त्यास्नी." मग हाताने बटण दाबून तिने सिनेमा थांबवला आणि माझ्याकडे बघून हसली. "ह्यांच्या हातचा पिच्चर हाय साहेब. सहा वर्सांनी बघाया मिळाला."

नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी विचारलं, "कॅसेट कुणी दिली?"

"त्यो केबलचा न्हाई का, त्यानं. वायर जोडाया आल्ता. मी म्हटलं, बाबा, ह्यांनी समद्या मुंबईला पिच्चर दावला, म्या मातुर आता नुसती ऐकती. ह्ये रोज घरी येऊन मला गोष्ट सांगत्यात न्हवं. तर त्यो म्हनला, काकी, तुमच्यासाठी काढतो कॅसेट, काकांनी मशीनीजवळ उभं ऱ्हाऊ दिलं पायजे. देवमानूस हाय. ही मशीनपन त्यानंच ठिवलीया." ती कौतुकाने बोलत होती. "रोज थोडाथोडा बघती. एकदम संपवाया नको वाटतं. आता शेवट तेवढा ऱ्हायलाय."

माझ्या नोकरीत मी शेकडो कबुलीजबाब घेतले. इतका सविस्तर आणि इतका आनंदाने दिलेला दुसरा नाही. देणाऱ्या बाईला आपण काय देतोय हे ठाऊक नव्हतं. पंच एकमेकांकडे बघत होते. महिला शिपाई खाली बघत होती.

मी म्हणालो, "बाई, ही कॅसेट आम्हाला न्यावी लागेल."

तिने माझ्याकडे बघितलं, मग हवालदारांच्या हातातल्या कागदांकडे, आणि मग नवऱ्याच्या पाठीकडे. तिच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. हळूहळू गेलं.

"आवं, काय केलंत तुमी?"

पंचनामा सुरू झाला. कॅसेट काढून खाकी कागदात गुंडाळली, दोरा बांधला, पंचांच्या सह्यांचं लेबल लावलं. हवालदारांनी मोहोर लावण्यासाठी मेणबत्ती पेटवून लाख वितळायला घेतली. तेव्हा ती बाई अगदी हळू आवाजात म्हणाली, "साहेब, अर्धा तास ऱ्हायला असंल. तेवढा बघून दिली तर चालंल का?"

मी म्हणालो, "नाही."

नियमाने ते बरोबर होतं. वस्तू मुद्देमाल झाली होती, समोर पंच उभे होते. पण नियम सांगायला माणसाला दोन वाक्यं लागतात, आणि मी एकच शब्द वापरला होता.

मग तो माणूस भिंतीपासून वळला. खाटेच्या कडेला बसला आणि आम्ही कुणी तिथे नसल्यासारखा तिला सिनेमाचा शेवट सांगू लागला.

"थोरला भाऊ कोर्टात खरं बोलतो. आपनच केलं म्हनतो. धाकट्याला सोडत्यात. हिकडं आईला वाटतं दोघंबी सुटलं. ती दोन ताटं वाढून बसल्याली अस्ती."

"आन मग?"

"धाकटा येकटाच येतो. दारात हुबा ऱ्हातो. ती त्याच्याकडं बघती, त्याच्या मागं रस्त्याकडं बघती. समजती. बोलत काय न्हाई. दुसरं ताट उचलून झाकून ठिवती. हितं तिच्या तोंडावर चुलीचा उजेड पडलाय, लै चांगला पडलाय. तितंच संपतं."

ती ऐकत होती. तिचे डोळे भरले होते, ते सिनेमाच्या आईसाठी की आणखी कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. हवालदारांच्या हातातली लाख वितळून कागदाबाहेर चटईवर ठिबकली. त्यांचं लक्ष नव्हतं.

शेजारच्या एका बाईला तिच्याजवळ बसवून आम्ही त्याला ठाण्यात आणलं. आता त्याने काहीही लपवलं नाही. केबलवाल्याने शूटिंगचा कॅमेरा आणून तिसऱ्या खिडकीत लावला होता. त्याबद्दल ऑपरेटरने छदामही घेतला नव्हता. केबलवाल्याला समोर आणल्यावर त्यानेही ते मान्य केलं.

मी ऑपरेटरला एक प्रश्न विचारला. तो विचारणं भाग होतं. "ही कॅसेट तो केबलवर लावणार, हे तुम्हाला माहीत होतं?"

त्याने बराच विचार केला. "साहेब, खोटं बोलत न्हाई. मनात आलं हुतं. पर त्याला इचारलं न्हाई. इचारलं असतं तर कॅमेरा लावू देता आला नसता."

हा जबाब मी त्याच्याच शब्दांत लिहून घेतला. एवढं सरळ उत्तर मी पूर्ण नोकरीत क्वचितच ऐकलं.

संध्याकाळी मालक आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ऑपरेटर समोरच बाकावर बसला होता. मालक संतापतील असं मला वाटलं होतं. ते त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, मला एकदा विचारायचं होतंस. पडद्याच्या बाजूचं दार रस्त्याच्या पातळीवर आहे. उघडून दिलं असतं मी. खुर्चीत बसवून आणली असती तिला."

"नोकर मानसानं काय काय इचारायचं, मालक?" ऑपरेटर म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. आणि थोड्या वेळाने: "तुमी गानं कापाया सांगितलंत, तवाबी काय बोललो न्हाई. लै ग्वाड गानं हुतं."

मालकांनी त्याला कामावरून काढलं. काढलं नसतं तर कुठल्याही वितरकाने त्यांना पुढे प्रिंट दिली नसती.

रात्रपाळीचा अधिकारी यायच्या आधी मी केस डायरी लिहायला बसलो. गाणं नसल्याची आणि कॅसेटमध्ये प्रेक्षकांचा आवाज नसल्याची माहिती कशी मिळाली, हे लिहायचं होतं. मी लिहिलं, 'गुप्त बातमीदाराकडून समजले.' हवालदार टेबलापलीकडे उभे होते. सकाळी कॅसेट बघताना मी त्यांना खरं सांगितलं होतं. त्यांनी ते वाक्य वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेले. आदल्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या भावाचं नाव कागदावर घालायला सांगितलं होतं. मी बायकोचं लपवलं. ती आरोपी नव्हती, फार तर साक्षीदार झाली असती. तरी लपवलं. उपनिरीक्षकाच्या घरी चोरीचा सिनेमा बघतात, हे कोर्टात वाचलं जाऊ नये म्हणून.

त्या दिवशी घरी जाऊन मी केबलची वायर काढली. दोन-तीन महिन्यांनी मुलांच्या हट्टापुढे ती वायर परत लागली, हेही कबूल करतो.

खटल्याचं असं झालं. केबलवाल्याने चांगला वकील दिला. पहिल्या पंचनाम्याचे दोन्ही पंच कोर्टात उलटले, आम्ही काहीच बघितलं नाही म्हणाले. दोघांच्याही घरी त्याचीच वायर होती. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा धरत नाहीत. तो सुटला. ऑपरेटरने वकील दिला नाही. गुन्हा कबूल आहे का, असं विचारल्यावर 'व्हय' म्हणाला. न्यायाधीशांनी त्याने धंद्यासाठी केलं नसल्याचं लक्षात घेतलं आणि थोडा दंड व कोर्ट उठेपर्यंतची कैद दिली. संध्याकाळपर्यंत तो कोर्टातल्या मागच्या बाकावर, तसाच कडेवर, गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला.

कोर्ट उठल्यावर मी त्याला फाटकाजवळ गाठलं. म्हणालो, "एक सांगायचं होतं. तो सिनेमा माझ्या घरीही बघितला गेला. केबलवर. गाणं नाही, हे माझ्याच बायकोने सांगितलं. त्यावरून मी तुमच्यापर्यंत आलो."

तो चिडेल, निदान काहीतरी सुनावेल, असं मला वाटलं. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्याने उजवा डोळा बारीक करून विचारलं, "वहिनीसायबांस्नी नीट दिसला का? मी बघितला घरी. उजेड पार गेल्याला त्यात. टीव्हीवर पिच्चर लै बारका दिसतो साहेब. हिला मी त्येच म्हटलं. तर म्हनली, बारका तर बारका, म्या बघतीया न्हवं." एवढं बोलून तो रिक्षा स्टँडकडे चालू लागला.

पुढे माझी बदली झाली. दोन वर्षांनी पनवेलच्या एका जुन्या थिएटरची तपासणी माझ्याकडे आली. परवान्यासाठी पोलिसांचा अहवाल लागतो. आगीच्या बादल्या, बाहेर जायची दारं, मशीनची खोली असं सगळं बघावं लागतं. दुपारचा खेळ चालू होता. मी जिना चढून मशीनच्या खोलीत गेलो, तर मशीनपाशी तोच उभा होता.

त्याने मला लगेच ओळखलं. बसायला स्टूल दिलं. चहा मागवतो म्हणाला. मी नको म्हटलं. मी विचारलं, "घरी कशी आहे तब्येत?"

"घरी न्हाई," तो म्हणाला आणि तिसऱ्या खिडकीकडे बोट केलं. "आज मंगळवार. मंगळवारी गर्दी नसती. हितल्या मालकास्नी कामाला लागतानाच इचारलं, बायकोला आनू का म्हनून. ते म्हनले, आना. चौघंजन खुर्ची उचलून आत घेत्यात."

मी खिडकीतून खाली बघितलं. अंधारात आधी काही दिसलं नाही. मग पडद्यावर दिवसाचा प्रसंग आला, उजेड पडला आणि मधल्या वाटेच्या शेवटी एक लाकडी खुर्ची दिसली. तिच्यात ती बसली होती. मान वर करून बघत होती. सभोवार वीस-पंचवीस माणसं विखुरलेली. कुठल्याशा विनोदावर ती सगळी हसली, आणि तीही त्यांच्याबरोबर हसली. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. तपासणीचा अहवाल लिहायचा होता, तो मी दुसऱ्या दिवशी लिहिला.

त्या केसने मला काय शिकवलं, ते थोडक्यात सांगतो. चोरी ती चोरीच. चाळीस माणसांच्या पोटावर पाय येत होता, आणि मी गुन्हा नोंदवला तो योग्यच होता. तो ऑपरेटर दोषी होता, त्याने स्वतः तसं सांगितलं. पण त्या शनिवारी हद्दीतल्या घराघरांतून सिनेमा बघितला गेला, आणि त्या सगळ्यांत थिएटरात येणं ज्याला खरोखर शक्य नव्हतं असं मला माहीत असलेलं माणूस एकच होतं. नेमकी तिच्याच हातातली कॅसेट मी काढून घेतली. बाकीच्यांना, आम्हा सगळ्यांना, थिएटर दहा मिनिटांच्या अंतरावर होतं. आम्हाला फक्त उठायचा कंटाळा होता.

पुढच्या नोकरीत मी दोन गोष्टी पाळल्या. कुणाकडून काही जप्त करताना का नेतोय ते त्या माणसाला पूर्ण वाक्यात सांगायचं. आणि 'गुप्त बातमीदार' हे शब्द खरोखर कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हाच लिहायचे. ती जुनी डायरी अजून कुठल्यातरी अभिलेख खोलीत पडली असेल. तिच्यातलं ते वाक्य मला आता खोडता येत नाही, म्हणून इथे दुरुस्त करून ठेवलं.